वाचकांचे प्रश्न : घोळक्यापुढे निसटणारे

व्यावसायिक सायकल शर्यतींबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला : मुख्य घोळका मागे टाकून शर्यतीच्या आरंभीच पुढे निघून जाणारे सायकलपटू. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : जुलै महिन्यात रात्रीची जेवणे उरकली की आमच्या घरी टूर द फ्रान्सचा शेवटचा तासभर पाहिला जातो. रोज तीन-चार जण सकाळपासून पुढे गेलेले असतात, दिवसभर राबतात आणि शेवटच्या पाच-दहा किलोमीटरांत मागचा घोळका त्यांना गाठतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वडील म्हणतात की हा शुद्ध वेडेपणा आहे. मला मात्र दर वेळी तेच जिंकावेत असे वाटते. ही केवळ दुबळ्याबद्दलची सहानुभूती म्हणायची का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या वडिलांचे निरीक्षण अचूक आहे, त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. टूरमध्ये पावणेदोनशेच्या आसपास सायकलपटू उतरतात आणि त्यांतील बहुतेकांना टप्पा, म्हणजे त्या दिवसाची शर्यत, जिंकण्याचा राजमार्ग बंदच असतो. रस्ता सपाट असेल, तर शेवटच्या दोनशे मीटरांत ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेग गाठणारे मोजके स्प्रिंटर बाजी मारतात. रस्ता आल्प्स किंवा पिरेनीज पर्वतांत शिरला, तर अंगाने हलके आणि घाटात कसलेले मोजके जण. जो या दोहोंत बसत नाही, त्याने दिवसभर घोळक्यात राहून शहाणपण दाखवले, तर त्याला सत्तरावा किंवा ऐंशीवा क्रमांक मिळतो, आणि तसे होणार हे सकाळीच ठरलेले असते. पहिल्या किलोमीटरपासून पुढे निसटले, तर संध्याकाळी धरले जाण्याची शक्यता मोठी असते हे खरे, पण जिंकण्याची शक्यता शून्यावर तरी राहत नाही. इतका रोकडा हिशेब करणाऱ्याला वेडा म्हणणे मला पटत नाही.

बेल्जियमच्या थॉमस डे गेंट याने तर याच हिशेबावर आपली सारी कारकीर्द उभी केली. २०१२ च्या इटलीतील जिरो स्पर्धेत स्टेल्व्हिओ घाटाचा टप्पा त्याने जिंकला आणि त्या स्पर्धेत तो तिसरा आला. २०१६ च्या टूरमध्ये माँ व्हाँतू या डोंगराचा टप्पाही त्याने पुढे निसटूनच मिळवला. मला त्याचा सर्वांत जवळचा वाटणारा विजय मात्र १३ जुलै २०१९ चा आहे. माकाँ ते सेंत-एतियेन हा दोनशे किलोमीटरांचा, सतत चढ-उतारांचा टप्पा होता. डे गेंट आरंभीच चौघांच्या गटात पुढे गेला, वाटेत एकेक साथीदार गळत गेला आणि अखेरच्या चढावर तो एकटा उरला. मागून झुलियाँ आलाफिलिप आणि तिबो पिनो हे फ्रान्सचे दोन लाडके सायकलपटू, ताज्या पायांनी, एकमेकांना साथ देत झेपावत आले. डे गेंट त्यांच्या फक्त सहा सेकंद आधी पोहोचला. दिवसभर घोळक्याबाहेर राबून शेवटी हाती इतकेच अंतर उरावे आणि तेवढे पुरावे, हा प्रसंग पाहिलेल्या माणसाला निसटणाऱ्यांची ओढ का लागते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही आपण विचारता म्हणून माझे मत सांगतो. घोळक्यात राहून जिंकणाऱ्याची मेहनत आपल्याला दिसत नाही. तो चार-साडेचार तास इतरांच्या आडोशाला असतो आणि शेवटच्या मिनिटाला प्रकट होतो. त्याचे कौशल्य मोठे आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पुढे गेलेल्याचे मात्र सारे उघड्यावर चाललेले असते. त्याचा वारा, त्याची चूक, त्याची तहान, पुढे येऊन वारा झेलण्याची पाळी घ्यायला साथीदाराने लावलेला उशीर आणि मागच्या घोळक्याशी कमी होत जाणारे अंतर, हे सगळे आपण त्याच्याबरोबरच पाहत असतो. आपला हिशेब बहुधा चुकीचा ठरणार आहे हे त्याला ठाऊक असते, तरी तो त्या दिवशी आपल्या वाट्याचे काम पूर्ण करतो. माझ्या मते आपल्याला जे वाटते त्यात सहानुभूतीचा भाग थोडा आणि आदराचा भाग मोठा आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. पुढे गेलेले चौघे चार वेगळ्या संघांचे असतात. शेवटच्या किलोमीटरात ते एकमेकांचे वैरी होणार असतात, पण तोवर प्रत्येकाने आळीपाळीने पुढे येऊन वारा झेलला नाही, तर चौघेही बुडतात. २०१४ च्या टूरमध्ये ताल्लार ते नीम या २२२ किलोमीटरांच्या टप्प्यावर न्यूझीलंडचा जॅक बाउअर आणि स्वित्झर्लंडचा मार्टिन एल्मिगर हे दोघे अगदी आरंभापासून असेच एकत्र गेले. नीम शहरात शिरताना घोळका मागे दिसू लागला होता. शेवटच्या सरळ रस्त्यावर बाउअरने एल्मिगरला मागे टाकून जीव तोडून धाव घेतली आणि रेषा अगदी समोर असताना, शेवटच्या काही मीटरांत, दोन्ही बाजूंनी स्प्रिंटर त्याच्या पुढून निघून गेले. अलेक्झांडर क्रिस्टॉफ जिंकला. बाउअरच्या वाट्याला दहावा क्रमांक आला. सायकलवरून उतरून तो रस्त्यावरच बसला आणि रडला. हातातोंडाशी आलेला घास जाणे म्हणजे काय, ते त्या चित्रणात दिसते. त्या दिवशी टूर पाहणाऱ्या अनेकांना क्रिस्टॉफपेक्षा बाउअरच अधिक आठवतो, हे मी खात्रीने सांगू शकतो.

२०२३ च्या टूरमध्ये पोलिन्यी येथे स्लोव्हेनियाचा मातेय मोहोरिच अगदी चाकाच्या अंतराने टप्पा जिंकला. त्यानंतरच्या मुलाखतीत त्याला बोलणे जड जात होते. दिवसभर ज्यांच्यासोबत राबलो, त्यांना रेषेवर हरवताना त्यांचा विश्वासघात केल्यासारखे वाटते, अशा आशयाचे तो बोलला. जिंकलेल्या माणसाच्या तोंडून असे शब्द दुसऱ्या प्रकारच्या विजयानंतर क्वचितच ऐकू येतात. आपल्या वडिलांना ती मुलाखत अवश्य दाखवावी.

प्रश्न : घोळका पुढच्यांना नेमका शेवटच्या काही किलोमीटरांतच कसा पकडतो? ताकद असेल, तर आधीच पकडून का टाकत नाही? यात काही ठरवाठरवी असते काय?
– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : ठरवाठरवी नसते; वाऱ्याचे गणित असते आणि संघांचे स्वार्थ असतात.

वाऱ्याचे गणित आपल्या भागात स्वतः अनुभवता येते. पावसाळ्याच्या तोंडावर दोन-तीन मित्रांसह बेळगावहून जांबोटीच्या दिशेने सायकलने निघावे. पश्चिमेचा वारा समोरून आला की पुढच्याचे पाय भरून येतात आणि त्याच्या चाकामागे हातभर अंतरावर असलेला मात्र बोलू शकतो, पाणी पिऊ शकतो. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने सायकलपटूची बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यातच खर्ची पडते, आणि हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बेल्जियन अभियंते बर्ट ब्लॉकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा वातबोगद्यात आणि संगणकावर अभ्यास केला, तेव्हा घोळक्याच्या आत खोलवर असलेल्याला एकट्या सायकलपटूच्या तुलनेत केवळ पाच ते दहा टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो, असे दिसून आले. पुढचे चौघे जे दिवसभर खर्च करतात, ते मागचे दीडशे जण वाचवत असतात.

आता वेळेचे गणित पाहू. फ्रान्सचे माजी सायकलपटू आणि पुढे दूरचित्रवाणीचे समालोचक झालेले रोबेर शापात यांच्या नावाने एक आडाखा प्रसिद्ध आहे : घोळका मनावर घेऊन निघाला, तर तो दर दहा किलोमीटरांमागे एक मिनिट भरून काढतो. हा आडाखा पडताळून पाहावा. पुढचे थकून ताशी ४२ किलोमीटरवर आले असतील, तर दहा किलोमीटरांना त्यांना ८५७ सेकंद लागतात. घोळका ताशी ४५ किलोमीटरने आला, तर त्याला ८०० सेकंद लागतात. फरक ५७ सेकंदांचा. म्हणजे ताशी अवघ्या तीन किलोमीटरांचा जादा वेग पुरतो, आणि आळीपाळीने पुढे येणारे ताजे गडी असलेल्या घोळक्याला तो सहज परवडतो. शेवटचे तीस किलोमीटर उरले असताना तीन मिनिटांची आघाडी काठावरची, चार मिनिटांची आशेची, दोन मिनिटांची बहुधा व्यर्थ. हा हिशेब दोन्ही बाजूंना माहीत असतो. सायकलपटूंच्या कानांत संघाच्या मोटारीशी जोडलेला रेडिओ असतो, शिवाय मोटारसायकलवरून एक कर्मचारी पाटीवर अंतर लिहून पुढच्यांना आणि मागच्यांना दाखवत असतो.

मग आधीच का पकडत नाहीत? कारण लवकर पकडले की रस्ता मोकळा होतो आणि दुसरे ताजे गडी उसळी मारतात. ज्यांचा स्प्रिंटर जिंकण्याजोगा आहे, त्या संघांना तीन-चार दमलेले सायकलपटू नजरेच्या टप्प्यात राहणे अधिक सोयीचे वाटते. एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी ज्याच्या अंगावर आहे त्याच्या संघाचीही, पुढे गेलेल्यांत त्या आघाडीला धोका ठरेल असे कोणी नसेल, तर काहीच हरकत नसते. निसटायलाही एका अर्थाने मागच्यांची परवानगी लागते, आणि म्हणूनच जो धोक्याचा आहे त्याला ती मिळत नाही.

परवानगी देताना चूक झाली की काय होते, त्याचा दाखला २००६ चा आहे. बेझिए ते माँतेलिमार या टप्प्यावर ऑस्कर पेरेइरो हा स्पॅनिश सायकलपटू पाच जणांच्या गटात पुढे गेला. तो एकूण वेळेत जवळजवळ अर्धा तास मागे होता, म्हणून कोणी पाठलाग केला नाही. तो गट घोळक्याच्या २९ मिनिटे ५७ सेकंद आधी पोहोचला. टप्पा येन्स फोग्ट जिंकला आणि पिवळी जर्सी पेरेइरोच्या अंगावर आली. पुढे फ्लॉइड लँडिस उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात अपात्र ठरला आणि त्या वर्षीचे विजेतेपदच पेरेइरोला मिळाले.

दुसरी चूक पाठलागाच्या आडाख्यात होते. २०२३ च्या टूरमध्ये बूर-आँ-ब्रेस येथे संपणारा अठरावा टप्पा स्प्रिंटरांसाठीच आहे, असे सर्वांनी गृहीत धरले होते. कास्पर आस्ग्रीन, व्हिक्टर कांपेनार्ट्स आणि योनास आब्राहाम्सन आरंभीच निघून गेले; शेवटचे साठेक किलोमीटर उरले असताना कांपेनार्ट्सचा संघसहकारी पास्काल एन्खोर्न त्यांना जाऊन मिळाला. त्या ताज्या दमाच्या चौथ्या गड्याने सारे गणित बिघडवले. कांपेनार्ट्सने शेवटी स्वतःची आशा सोडून एन्खोर्नसाठी पुढे राहून ओढ दिली. आस्ग्रीन पहिला, एन्खोर्न दुसरा, आब्राहाम्सन तिसरा आला आणि स्प्रिंटरांच्या झुंडीचे पुढचे चाक आब्राहाम्सनच्या पाठोपाठ रेषेवर पोहोचले. आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, म्हणून सुचवतो : त्या टप्प्याचे शेवटचे तीस किलोमीटर पुन्हा पाहावेत आणि दर पाच किलोमीटरांना अंतर लिहून घ्यावे. शापात यांचा आडाखा कुठे आणि का मोडला, ते आपल्यालाच दिसेल.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातील काही मुली रोज बऱ्याच अंतरावरून सायकलने येतात. त्यांना सांगण्याजोगे असे एखादे उदाहरण स्त्रियांच्या शर्यतीत आहे काय?
– एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : आहे, आणि माझ्या मते निसटून मिळवलेल्या विजयांत त्याच्या तोडीचे दुसरे उदाहरण स्त्री-पुरुष दोघांतही शोधावे लागेल.

२५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमधील स्त्रियांची रस्ता शर्यत १३७ किलोमीटरांची होती. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर गणितात डॉक्टरेट मिळवलेली संशोधक होती आणि त्या वेळी तिचा कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नव्हता. शर्यतीचा झेंडा पडताच ती निघाली. तिच्याबरोबर आणखी चौघी गेल्या आणि त्यांची आघाडी दहा मिनिटांच्या वर गेली. मागे नेदरलँड्सच्या संघात जगातील नामवंत सायकलपटू होत्या. पुढे गेलेल्यांना वेळेवर धरता येईल, असा त्यांचा विश्वास होता. शेवटचे चाळीसेक किलोमीटर उरले असताना कीझेनहोफरने इस्रायलची ओमर शापिरा आणि पोलंडची आना प्लिख्ता या शेवटच्या दोन साथीदारांनाही मागे टाकले.

ऑलिंपिकमध्ये कानातील रेडिओला परवानगी नसते. शापिरा आणि प्लिख्ता धरल्या गेल्या, तेव्हा मागच्यांतील काहींचा समज झाला की आता पुढे कोणीच नाही. नेदरलँड्सची आनेमीक फान फ्लॉइटेन रेषा ओलांडताना सुवर्णपदक जिंकल्याच्या आनंदात हात उंचावत आली. कीझेनहोफर तिच्या १ मिनिट १५ सेकंद आधीच पोहोचून जमिनीवर आडवी झाली होती. इटलीची एलिसा लाँगो बोर्गिनी तिसरी आली.

काही जण या विजयाला मागच्यांच्या गोंधळाचे फळ मानतात. हे मला अन्यायाचे वाटते. मागच्यांचा गोंधळ झाला हे खरे, पण त्या गोंधळाचा लाभ घ्यायला १३७ किलोमीटर पुढे राहिलेली एक व्यक्ती तिथे असावी लागते. शिवाय फान फ्लॉइटेनला कमी लेखण्याचेही कारण नाही. २०१९ मध्ये यॉर्कशायर येथील जागतिक स्पर्धेत तिने स्वतः शंभराहून अधिक किलोमीटर एकटीने पुढे राहून विजेतेपद मिळवले होते. मुलींना या दोघींच्याही गोष्टी सांगाव्यात. कीझेनहोफर आपल्या सरावाचे आणि आहाराचे नियोजन स्वतःच करत असे, हेही त्यांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : धरल्या गेलेल्यांच्या पदरात काहीच पडत नाही काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : थोडे पडते. टूरमध्ये बहुतेक टप्प्यांनंतर परीक्षक त्या दिवशीच्या सर्वांत झुंजार सायकलपटूची निवड करतात; त्याला बक्षीस मिळते आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर वेगळ्या रंगाचा क्रमांक लावण्याचा मान मिळतो. वाटेतील चढांवर आधी पोहोचणाऱ्याला गुण मिळतात. आपल्याकडे मुंबई–पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब असतो, तशी टूरमध्ये लाल ठिपक्यांची जर्सी असते. २०२२ मध्ये टूरचा आरंभ डेन्मार्कमध्ये झाला, तेव्हा तिथल्याच मॅग्नस कॉर्टने छोट्या छोट्या टेकड्यांवरचे गुण गोळा करत ती जर्सी मिळवली. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोटलेल्या आपल्या माणसांमधून तो एकटा जात होता, आणि पुढे दहावा टप्पाही त्याने जिंकला. निमंत्रणावरून आलेल्या लहान संघांना तर पुरस्कर्त्याचे नाव दोन-तीन तास पडद्यावर दिसणे हेच मोठे उत्पन्न असते. १९९९ च्या टूरमध्ये फ्रान्सचा झाकी ड्युराँ एकूण क्रमवारीत सर्वांत शेवटी होता आणि त्याच वर्षी संपूर्ण स्पर्धेतील सर्वांत झुंजार सायकलपटूचा मानही त्यालाच मिळाला. हाच ड्युराँ १९९२ मध्ये बेल्जियममधील फ्लँडर्सची शर्यत २१७ किलोमीटर पुढे राहून जिंकला होता.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि जिल्हा पातळीवरील शर्यतींत भाग घेतो. मार्गदर्शक सांगतात की शेवटपर्यंत घोळक्यात राहा. हा मात्र दर वेळी पहिल्याच चढावर पुढे पळतो आणि शेवटी मागे पडतो. त्याला अडवावे काय?
– एक पालक, चिकोडी

उत्तर : अडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, पण मार्गदर्शकांचे म्हणणेही टाकाऊ नाही. घोळक्यात शांतपणे राहता येणे ही निसटण्याची पूर्वतयारी आहे. ज्याला आडोसा घेता येत नाही, त्याच्याकडे निसटण्याच्या क्षणी शक्तीच उरलेली नसते.

आपला मुलगा पहिल्याच चढावर पळतो, म्हणजे सर्वजण ताजे आणि सावध असताना पळतो. त्याने वाट पाहायला शिकावे. दुसऱ्या कोणाचा तरी प्रयत्न नुकताच फसला आणि सगळे दम घेऊ लागले, ती वेळ चांगली. चढाचा माथा ओलांडताना मागचे सैल पडतात, ती वेळ त्याहून चांगली. एकट्याने जाण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून जावे, आणि साथीदार पाळी चुकवत असेल, तर त्याच्यावर रागावण्यात शक्ती घालवू नये. तहान लागण्याआधी पाणी प्यावे, भूक लागण्याआधी खावे. निसटलेल्या मुलांना उत्साहात नेमका याचाच विसर पडतो.

सरावासाठी तवंदी घाटाचा महामार्ग टाळावा, तिथे मालमोटारींची वर्दळ फार असते. आतले रस्ते बरे, मात्र गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या पहाटेपासून रस्त्यावर असतात, तेव्हा उजाडल्यावरच निघावे आणि हेल्मेटशिवाय निघू नये. त्याची ओढ आणखी दोन वर्षे टिकली, तर विजापूर आणि बागलकोट येथील सायकलिंगच्या क्रीडा वसतिगृहांची चौकशी करावी. त्या भागातून राष्ट्रीय पातळीवरचे अनेक सायकलपटू पुढे आले आहेत.

आणि एक तांत्रिक गोष्ट त्याला आधी शिकवावी. पुढची पाळी संपली की वारा ज्या बाजूने येतो त्याच बाजूला सरकून मागे यावे, म्हणजे पुढे जाणाऱ्या साथीदाराला आडोसा मिळतो. मागे येताना पायडल मारणे थांबवू नये, कारण शेवटच्या चाकाला लागताना पुन्हा वेग धरावा लागला, तर वाचवलेले सारे तिथेच खर्च होते. दोन मित्रांबरोबर मोकळ्या सरळ रस्त्यावर एकेका मिनिटाच्या पाळ्या घेत हे अंगवळणी पाडावे, आणि ते जमल्यावरच पाळ्या लांबवाव्यात.